दक्षिण इटलीत दोघांचे बारा दिवस: मुक्काम कुठे करावा आणि जेवणाचं काय?

शुक्रवारचा बाजार, म्हापसा

नमस्कार मंडळी. येत्या ऑक्टोबरात आमच्या लग्नाला ३० वर्षं पूर्ण होतील. मुलगा पुण्याला असतो. त्याने आणि सुनेने मिळून आम्हा दोघांना इटलीला पाठवायचं ठरवलंय. "रोम-व्हेनिसला सगळेच जातात, तुम्हाला समुद्र हवा आणि बाबांना नुस्तं, म्हणजे मासे हवेत, तर दक्षिणेला जा," असं त्याचं म्हणणं. त्याने आखलेला बेत असा: रोम एक रात्र, नेपल्स दोन, सोरेंतो दोन, मातेरा एक, अल्बेरोबेल्लो एक, लेच्चे दोन, बारी दोन, मग परत रोम आणि घर.

कागदावर छान दिसतं, पण माझे गुडघे दुखतात. मला सोमवार आणि गुरुवार असतो, त्या दिवशी मी पूर्ण शिवराक, अंडंसुद्धा नाही. ह्यांना मासे लागतात, पण चार दिवस भात मिळाला नाही तर चेहरा उतरतो. भाषा दोघांनाही येत नाही. मुलाचा उत्साह मोडायचा नाही, पण एवढं झेपेल असं वाटत नाही. काय पाहावं हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. काय सोडावं, हे जाऊन आलेल्या कुणी सांगाल का?

चिरेबंदी, फोंडा

ताई, तुम्हा दोघांचं आमच्या दोघांकडून अभिनंदन. गेल्या ऑक्टोबरात आम्ही त्याच भागात तेरा दिवस काढले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे माझं लक्ष दगडांकडे जास्त. स्वयंपाकातलं जे काही खाली येईल ते हिने पाहिलेलं आणि तिने सांगितलेलं आहे.

आधी बेत कापा. सात ठिकाणांची दोन करा: बारीत सहा रात्री, मातेरात चार. उरलेल्या दोन रात्री रोमच्या विमानासाठी. मुलाला समजावून सांगा की मुक्काम बदलायचा म्हणजे अख्खा दिवस जातो. सकाळी दहाला खोली सोडायला लावतात, नवी तीनच्या आत देत नाहीत, आणि मधल्या वेळात बॅगा तुमच्या हातात. त्यात तिकडची दुपार आपल्या गोव्यासारखीच असते. एक-दीडला दुकानं ओढून घेतात ती साडेचार-पाचला उघडतात. जेवणाच्या जागीही दुपारी अडीचनंतर चूल बंद, ती रात्री साडेसात-आठशिवाय पेटत नाही. आपण दुपारी वामकुक्षी घेणारी माणसं, आपल्याला हे घड्याळ सोयीचंच आहे. फक्त त्या वेळेला आपण आपल्या खोलीत असायला हवं, बस स्टँडवर नव्हे.

बारी आधी करा. रोमहून गाडी साधारण चार तासांत आणून सोडते. स्टेशनपासून जुन्या गावापर्यंतचा भाग नेपल्सचा तेव्हाचा राजा म्युरा याने १८१३ साली वसवायला घेतला. सगळे रस्ते काटकोनात आणि जमीन सपाट, म्हणजे तुमच्या गुडघ्यांना बरं. खोली तिथेच घ्या. पंधरा-वीस मिनिटं चाललं की जुनी बारी. आपल्या पणजीतलं फोंताईन्यस आठवेल, पण गल्ल्या त्याहून अरुंद, दोन्ही बाजूंची वाळत घातलेली चादर एकमेकींना लागेल अशा.

त्या जुन्या गावात आर्को बास्सो नावाची गल्ली आहे. तिथे बायका दाराबाहेर टेबल टाकून ओरेक्क्येत्ते वळत बसतात. कानाच्या पाळीएवढा पास्ता, म्हणून नावाचा अर्थच 'छोटे कान'. आम्ही पहिल्या सकाळी गेलो. पर्यटक फोटो काढत होते, मीही काढले. ही मात्र एका म्हाताऱ्या बाईंच्या टेबलापाशी थांबली ती थांबलीच.

पीठ रव्याचं, कठीण गव्हाच्या. त्यात पाणी, बस. अंडं नाही, तेल नाही. बोटाएवढी लांब वळी केलेली, तिचा हरभऱ्याएवढा तुकडा सुरीने तोडायचा. सुरी बोथट, आपण लोणी लावायला घेतो तशी. त्याच सुरीचं पातं तुकड्यावर दाबून आपल्याकडे ओढायचं की तुकडा पात्याभोवती गुंडाळला जातो, आणि तो लगेच अंगठ्यावर उलटा घालायचा. झाला कान. आतून खरखरीत राहतो, म्हणून रस्सा धरून ठेवतो. पुढे लाकडी चौकटीला जाळी मारलेल्या ताटांवर वाळत घातलेले. बाईंचा हात इतका चालत होता की तोडणं, ओढणं, उलटणं वेगवेगळं दिसतच नव्हतं.

ही सावईवेऱ्याची. लहानपणी घरात लग्न निघालं की आजीबरोबर वळवट करायला बसलेली: गवले, नखुल्या, मालत्या, शंखुल्या. बाईंनी तिचं लक्ष पाहिलं आणि सुरी पुढे केली. पहिले चार-पाच कान फाटले. मग हिने सुरी बाजूला ठेवली, चिमूटभर पीठ घेतलं आणि अंगठ्याच्या नखाने नखुली काढली. एक, दोन, तीन. पन्नास वर्षांनी. बाईंनी ती नखुली तळहातावर घेतली, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि शेजारच्या दारात बसलेल्या बाईला हाक मारली. दोघी मिळून पाहत होत्या. आमच्यात एक शब्दही समान नव्हता. हिने हाताने बाळ झुलवल्यासारखं केलं, मग डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं, म्हणजे बारसं आणि लग्न, आणि त्यांना ते कळलं असं मला अजून वाटतं. अर्धा किलोची पिशवी घेतली. घरी आल्यावर हिने त्यातले मूठभर आधी पाण्यात चांगले शिजवून घेतले आणि मग नारळाच्या रसात गूळ घालून खीर केली. बरी झाली होती. नखुल्यांची सर नाही, पण बरी.

बारीतच सान निकोलाची बासिलिका आहे, ती चुकवू नका. संत निकोलसच्या अस्थी १०८७ साली बारीच्या खलाशांनी आताच्या तुर्कस्तानातल्या मिऱ्याहून जहाजातून आणल्या आणि त्यांच्यासाठी हे देऊळ उभं केलं. ६२ खलाशी होते अशी परंपरा आहे. अस्थी खाली तळघरात आहेत, थोड्या पायऱ्या उतराव्या लागतात, पण उतराच. आम्ही गेलो तेव्हा रशियन बायका डोक्याला रुमाल बांधून, फरशीला कपाळ टेकून प्रार्थना करत होत्या. कॅथलिक देवळात ऑर्थोडॉक्स भाविक, आणि कुणी कुणाला अडवत नव्हतं. मला जुन्या गोव्यातली शवियेराच्या फेस्ताची रांग आठवली, तिच्यातही आपली हिंदू माणसं असतातच. आणि दुसरं आठवलं ते आमच्या फोंड्याचं. कुठ्ठाळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा सोळाव्या शतकात जुवारी ओलांडून अलीकडे आणली. बारीची गोष्ट वेगळी, त्यांनी दुसऱ्यांच्या गावातून आणलं, आपण आपलं वाचवून आणलं. पण रात्री होडीत देव घेऊन बसलेल्या माणसांची छाती कशी धडधडली असेल, ते त्या तळघरात उभं राहून मला पहिल्यांदा जाणवलं.

मासे. जुन्या बंदरावर सकाळी कोळी माल मांडतात. ऑक्टोपस दगडावर आपटून आपटून मऊ करतात आणि मग टोपात घालून घुसळतात, त्याचे पाय कुरळे होईपर्यंत. तिथले लोक तो कच्चाच खातात. मी कच्चा खाल्ला नाही. साहेबांना हौस असेल तर त्यांनी ठरवावं, परदेशात पोट बिघडवून घेऊ नये असं माझं मत. शिजवलेल्यात मात्र एक गोष्ट त्यांच्यासाठीच केलेली आहे: तांदूळ, बटाटे आणि शिनाणे. आपल्याकडचे तेच शिनाणे, एका शिंपल्यावर तसेच ठेवून थर लावतात, वर कच्चे तांदूळ, बटाट्याच्या चकत्या, टोमॅटो, कांदा, चीज, आणि सगळं भट्टीत. शिनाण्यांचं पाणी तांदळात मुरतं. पाचव्या दिवशी ते ताट पुढे आलं तेव्हा मी बराच वेळ बोललो नाही. त्याला तीयेल्ला म्हणतात, नुसतं 'रीझो, पताते ए कोत्से' म्हटलं तरी कळतं.

आता मातेरा. इथे आमची चूक झाली, ती तुम्ही करू नका.

आम्ही रविवारी निघालो. बारीहून मातेराला जाणारी छोटी गाडी त्या दिवशी नव्हती, हे स्टेशनवर गेल्यावर कळलं. बस मिळाली, पण उशिरा. खोली जुन्या भागात, सास्सीत, घेतली होती. मालकाला आधी लिहून विचारलं होतं, त्याने "थोड्या पायऱ्या आहेत" असं कळवलं होतं. मी मोजल्या, ७४. घासून गुळगुळीत झालेल्या, उंची एकीची एक नाही, कठडा नाही. बॅगा वर-खाली करण्यात तीन वाजले. हिला मधुमेह आहे, सकाळची गोळी घेतलेली, आणि जेवणाच्या सगळ्या जागा बंद. ग्लुकोजची बिस्किटं मी मोठ्या बॅगेत, सगळ्यात खाली ठेवली होती. चौकाच्या अलीकडे हिला घाम फुटला, हात थरथरायला लागले.

एका बेकरीचं शटर अर्धं खाली होतं, आत एक बाई फरशी पुसत होती. तिने हिचा चेहरा पाहिला आणि विचारलं काहीच नाही. खुर्ची आणली, साखरेचं पाणी दिलं. दहा मिनिटांनी हिला जरा बरं वाटल्यावर एका थाळीत आदल्या दिवशीचा पाव आणला, पाण्यातून काढून पिळलेला, वर टोमॅटो कुस्करलेला, कांदा, ओरेगानो आणि भरपूर ऑलिव्ह तेल. आपण उरलेल्या पोळीचा कुस्करा करतो तसं. तिला चाल्लेद्दा म्हणतात हे नंतर कळलं. पैसे घ्यायला तयार नव्हती. दुसऱ्या सकाळी तिच्याकडूनच किलोचा पाव घेतला, तो आम्हाला चार दिवस पुरला. तिथला पाव कठीण गव्हाच्या रव्याचा असतो, कवच जाड, आत पिवळसर, आणि शिळा झाला तरी चांगला लागतो.

तर ताई, मातेरात खोली वरच्या सपाट गावात घ्या, चौकाजवळ. सास्सीत दिवसा उतरा, हवं तेवढं पाहा, आणि झोपायला वर या. पायऱ्या किती, हा प्रश्न 'थोड्या' या उत्तरावर सोडू नका, आकडा मागा.

सास्सी म्हणजे दरीच्या काठावर मऊ दगडात कोरलेली घरं, एकाच्या छपरावर दुसऱ्याची वाट. आपल्या हरवळ्याच्या लेण्यांत शंभर कुटुंबं राहायला गेली आणि त्यांनी पुढे भिंती बांधल्या, असं डोळ्यांसमोर आणा. एक गुहाघर संग्रहालय म्हणून ठेवलंय. एका खोलीत माणसं, खेचर, कोंबड्या, आणि पलंग एवढा उंच की खाली सामान आणि पिल्लं. सरकारने १९५२ साली कायदा करून सुमारे १५ हजार लोकांना तिथून हलवलं. नंतर १९९३ साली तीच जागा युनेस्कोच्या यादीत आली आणि २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. त्या घरात उभं राहून मला दोन्ही गोष्टी पटल्या. माणसांनी तिथे राहू नये हेही खरं, आणि ते मोडू नये हेही खरं.

माझ्या धंद्यातली गोष्ट एकच सांगतो. मुख्य चौकाच्या खाली पालोम्बारो लुंगो नावाची पाण्याची टाकी आहे, सुमारे ५० लाख लिटरची. ती विसरली गेली होती, १९९१ साली पुन्हा सापडली. भिंतींना गिलावा कशाचा, तर भाजलेल्या मातीची पूड चुन्यात घालून केलेला. म्हणजे आपली सुर्खी! मी नोकरीला लागलो तेव्हा जुने गवंडी चुना-सुर्खीचं प्रमाण तोंडावर सांगायचे, तेव्हा आम्हाला सिमेंटची घाई होती. त्या टाकीत पाणी कुठवर चढायचं त्याची रेघ भिंतीवर दिसते. तिथे मी अर्धा तास काढला, ही वर बसून कॉफी प्यायली.

पावाचं एक राहिलं. पूर्वी घरोघरी पीठ मळायचं आणि भट्टी सगळ्यांची एकच. पाव कुणाचा हे कळावं म्हणून प्रत्येक घराचा कोरलेला लाकडी शिक्का असायचा, तो कच्च्या पिठावर उमटवायचा. आपण लग्नाकार्यात भांडी परत यावीत म्हणून त्यांवर नाव घालून घेतो ना, तसंच. हिने एक घेतला, कोंबड्याचा. देवघराशेजारी ठेवलाय.

अल्बेरोबेल्लो बारीहून अर्ध्या दिवसात होतं, रात्र नको. दगड चुन्याशिवाय रचून केलेली, शंकूसारख्या छपरांची घरं. कर चुकवण्यासाठी पटकन पाडता यावीत म्हणून तशी बांधत, असं सांगतात. १७९७ साली राजाने गावाला जमीनदाराच्या ताब्यातून मोकळं केलं. दहाच्या आत पोहोचा, नंतर बसगाड्या भरून माणसं येतात. सोरेंतो माझ्या मते सोडाच, चढ-उतार फार आणि समुद्र आपल्याला नवा नाही.

तारवटी, वास्को

चिरेबंदींचं सगळं पटलं, फक्त नेपल्स पूर्ण सोडू नका असं सांगेन. जहाजावर असताना नेपल्सला आमचं बरंच येणं-जाणं व्हायचं. बंदरापासून चालत शहर. गोंगाट, स्कूटर, बाल्कनीतून खाली सोडलेल्या टोपल्या. घाबरू नका, पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

पिझ्झा तिथेच खायचा. लाकडाच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत निघतो, मधोमध ओला असतो, तो कच्चा नाही, तसाच असतो. पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोने २०१७ साली नोंदवली. वर काही नको, मार्गेरीता पुरे. ताईंच्या सोमवारलाही चालेल.

आणि पोंपेई. नेपल्सहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत. इसवी सन ७९ मध्ये वेसुव्हियसने पुरलेलं शहर, आणि त्यात रस्त्यावरची खाणावळसुद्धा तशीच: दगडी ओटा, ओट्यात बसवलेली मडकी. आमचा एक सोबती काणकोणचा, त्याने त्या मडक्यात वाकून पाहिलं आणि म्हणाला, पेजेची जागा. रोमहून बारीला थेट न जाता मध्ये नेपल्सला एक रात्र करा, तिथून बारीला बस आहे. पोंपेईच्या दगडी रस्त्यावर मात्र सपाट तळव्याचे बूट हवेत, आणि सगळं पाहायचा हट्ट नको. दोन तास, सकाळी लवकर.

शुक्रवारचा बाजार, म्हापसा

चिरेबंदी दादा, तुमचं उत्तर मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. भाताचं ऐकून ह्यांनी तिकिटाची तारीख विचारली. वहिनी आता बऱ्या आहेत ना? ग्लुकोजचं मी लिहून ठेवलं, ह्यांनाही साखर आहे.

मुलाशी बोलले. आधी गप्प होता, मग "बरं, दोनच ठिकाणं" म्हणाला. तारवटी म्हणतात तशी नेपल्सची एक रात्र ठेवू, रोममधली एक कमी करून.

आता माझ्या सोमवार-गुरुवारचं सांगा. पास्ता-पिझ्झा रोज नको वाटेल. आणि 'शिवराक' त्यांना कसं समजवायचं? लेच्चेचंही कुणी काही लिहिलं नाही.

कुळागर, सावर्डे

लेच्चेला आम्ही बारीहून गाडीने जाऊन संध्याकाळी परत आलो. दीड-दोन तास लागतात. तिथला दगड मधासारख्या रंगाचा, त्यावर इतकं कोरीव काम की सांताक्रोचे देवळासमोर मान दुखते. चिरेबंदींना आवडेल: तो दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होतो, आपल्या चिऱ्यासारखा.

पण मी शेतकरी माणूस, माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. लेच्चे जवळ आलं की ऑलिव्हची झाडं बदलतात. बारीकडे हिरवी-रुपेरी, आणि इकडे करडी, वाळलेली, मैलोन् मैल. झायलेल्ला नावाचा जिवाणू २०१३ साली तिथे सापडला. एक लहान किडा रस शोषताना तो पसरवतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद होतात. शेकडो वर्षांची झाडं त्यात गेली. आमच्या पोफळीला कोळेरोग लागतो तेव्हा एका हंगामाचं नुकसान होतं, ते आम्ही सोसतो. पण पणजोबांनी लावलेलं झाड उभ्याने वाळताना बघायचं, हे मला गाडीत बसून बघवेना. आता काही जण रोगाला दाद न देणाऱ्या जातींची नवी रोपं लावतायत, लहान लहान रांगा दिसतात. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर नवीन तेल निघायला लागलेलं असतं. ते तिखट लागतं, घशाला झोंबतं. ते खराब नाही, ताजं म्हणून तसं. तिथल्या माणसांकडून एक बाटली जरूर घ्या.

चिरेबंदी, फोंडा

ताई, ही आता ठणठणीत आहे. आत्ता माझ्या मागे उभी राहून सांगतेय आणि मी लिहितोय.

पहिलं नाव लिहून ठेवा: फावे ए चिकोरिया. वाळवलेल्या बाकल्याची डाळ शिजवून घोटलेली, बाजूला कडसर पालेभाजी उकडून, वर ऑलिव्ह तेल. आपल्या वालाच्या बिरड्यापेक्षा मुगाच्या घट्ट वरणाला जवळची. हिने बारीत तीनदा मागवली, बरोबर पाव. पोट भरतं आणि जड होत नाही. त्यात मीठ आणि तेल सोडून बाकी काहीच नसतं, म्हणून जीभ आधी थोडी बावचळते. लिंबू मागून घ्या.

दुसरं, बारीची फोकाच्चा. पिठात उकडलेला बटाटा असतो म्हणून ती मऊ, वर टोमॅटो आणि ऑलिव्ह, खालून तेलात तळल्यासारखी कुरकुरीत. बेकरीत वजनावर कापून देतात. जुन्या गावात संध्याकाळी बायका रस्त्यावर कढई मांडून मक्याच्या पिठाच्या वड्या तळतात, स्गाल्योत्से. वर नुसतं मीठ. ह्या दोन्ही गोष्टी खात खात आम्ही बंदराच्या भिंतीवर बसायचो.

मातेरात पेपेरोनी क्रुस्की. लांब गोड मिरची माळ करून वाळवलेली आणि तेलात क्षणभर तळलेली. सांडगी मिरचीच, फक्त दह्या-मिठाशिवाय आणि तिखटाशिवाय. पास्त्यावर चुरून घालतात. हिने अर्धा किलो आणली, चतुर्थीला पानात वाढली, आणि सगळ्यांनी विचारलं ही कुठली.

सांभाळायच्या गोष्टी: कानांच्या पास्त्याबरोबर जी पालेभाजी देतात, चीमे दि रापा, तिच्यात बहुधा खारवलेली बारीक मासळी विरघळवलेली असते. दिसत नाही. 'सेन्त्सा आच्चूगे' म्हणायचं, म्हणजे तिच्याशिवाय. नुसतं 'व्हेजेतारियाना' म्हटलं तर मांस टाळतात, पण मासळीचा विचार कुणी करेलच असं नाही. म्हणून हिने एका कागदावर मुलाकडून इटालियनमध्ये लिहून घेतलं होतं: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. तो कागद दाखवायचा. वाढणारे तो शांतपणे वाचायचे, आत जाऊन विचारून यायचे. लेच्चेची पास्तिच्योत्तो नावाची गोड पेस्ट्री तुमच्या गुरुवारी नको, आत अंड्याचं कस्टर्ड आणि जुन्या पद्धतीत पिठात डुकराची चरबी असते. तारल्ली कडक कडबोळ्यांसारख्या असतात, त्या पुल्यातल्या, म्हणजे बारी-लेच्चेच्या प्रांतातल्या, ऑलिव्ह तेलाच्या, पण नेपल्सच्या मिरीवाल्या चरबीच्या. तिथल्या बऱ्याच जुन्या चीजला वासराच्या पोटातलं विरजण लागतं, तेवढं पाळत असाल तर वाराच्या दिवशी चीजच नको.

पैशांचं: जेवणाच्या बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' म्हणून येतात, ती बसल्याची आणि पावाची आकारणी, फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने प्या, बसलात की भाव वाढतो. गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड.

आणि ऑक्टोबरात बाजारात निवडुंगाची लाल-पिवळी बोंडं दिसतील. त्यांना तिथे 'भारतीय अंजीर' म्हणतात, खरं तर ती अमेरिकेतून आलेली. विकणाऱ्याला सोलून द्यायला सांगा, हात लावू नका. हिच्या बोटातले काटे काढायला मला चष्मा आणि मोबाईलचा उजेड दोन्ही लागले.

शुक्रवारचा बाजार, म्हापसा

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याशी फोनवर बोलायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.

मला वळवट येतं. सासूबाईंनी शिकवलं, सुनेला अजून दाखवायचं राहिलंय. ती दिवाळीच्या आधी येतेय, तेव्हा दोघी बसून थोडं करू आणि त्यातली पुडी बारीला घेऊन जाईन. त्या गल्लीतल्या आजी भेटल्या तर त्यांना देईन. त्यांच्या दाराची काही खूण?

चिरेबंदी, फोंडा

कमानीतून आत शिरलात की डाव्या हाताला, दारावर निळी फ्रेम केलेली मेरी माउलीची तसबीर आणि खाली तुळशीची कुंडी. आपली तुळस नव्हे, त्यांची मोठ्या पानांची.

ही म्हणते पुडीत नेऊ नका, पत्र्याच्या डब्यात न्या आणि वर कापूस ठेवा. गवल्यांना काही होत नाही, पण नखुल्यांच्या कडा मोडतात.